समुद्राचा सामू मोजणारी ठरलेली जागा

हवाईच्या ओआहू बेटापासून उत्तरेला सुमारे १०० किलोमीटरवर, भर समुद्रात ‘स्टेशन अलोहा’ आहे. ऑक्टोबर १९८८पासून हवाई विद्यापीठाचे संशोधक साधारण दर महिन्याला जहाज घेऊन तिथं जातात आणि वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी वर आणतात. कार्बन मोजायच्या नमुन्यात लगेच मर्क्युरिक क्लोराइड घालतात. नाहीतर पाण्यातले सूक्ष्मजीव श्वसन करत राहतात आणि आकडा बिघडतो. सामू (पीएच) मोजताना पाण्यात रंगद्रव्य घालून त्यातून प्रकाश सोडतात. इथं तिसऱ्या दशांश स्थळालाही किंमत असते.

कारण सामूची वर्षाची घसरण जेमतेम ०.००२. ऋतूंमुळे होणारा चढउतार याहून कितीतरी मोठा, त्यामुळे दोन-तीन वर्षांच्या मोजणीतून काहीच हाती लागत नाही. सुरुवातीला पृष्ठभागाचा सामू ८.११च्या आसपास होता, आता तो ८.०५पर्यंत उतरला आहे. फरक किरकोळ वाटेल, पण याचा अर्थ हायड्रोजन आयन सुमारे १५ टक्क्यांनी वाढले. आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा जवळपास चौथा हिस्सा समुद्र शोषतो, त्याचा हा परिणाम. प्रवाळ आणि शिंपल्यांना कवच घडवायला लागणारं कार्बोनेट त्यामुळे घटतं.

अशा नोंदींत खंड पडला, तर तेवढ्या वर्षांचं पाणी पुन्हा मोजता येत नाही.