शुक्रवारचे ताट बेचव का असावे?

प्रायश्चित्तकाळ सुरू झाला की अनेक ख्रिस्ती घरांत दर शुक्रवारी एकच प्रश्न कानी पडतो : "आज मटण नाही, मग करायचे काय?" बटाट्याची भाजी आणि पिवळे वरण ताटात येते, खवय्यांची तोंडे उतरतात आणि त्यागाचे पुण्य पदरी पडण्याऐवजी सारा रोष स्वयंपाक करणाऱ्या माउलीवर निघतो. दुसऱ्या टोकाला काही घरांत मांसापेक्षा महाग पापलेट तळले जाते. नियमभंग होत नाही. परंतु त्यागही होत नाही.

नियम साधा आहे. पोप पौल सहावे यांच्या १९६६ सालच्या 'पेनितेमिनी' या आदेशात मांस वर्ज्य सांगितले आहे; अंडी व दुधाचे पदार्थ यांवर बंदी नाही. चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांना हे बंधन लागू होते. अन्न बेचव असावे, असे मात्र कोठेही म्हटलेले नाही. केरळातील सिरो-मलबार ख्रिस्तसभेत तर उपवासकाळात मांस, मासे, अंडी आणि दूध हे सारेच सोडण्याची जुनी परंपरा आहे. इथिओपियातील ऑर्थोडॉक्स बांधव वर्षातील दीडशेहून अधिक दिवस असा आहार घेतात. त्यांचे मसुरीचे कालवण चाखावे असे असते. भरपूर कांदा आधी तेलाविना मंद आचेवर बराच वेळ परततात, मग तेल व तिखट मसाला घालतात. चव त्या कांद्यात असते.

मांसाच्या रश्शात आपल्याला जे भावते, त्यातील पुष्कळसे मांसाचे नसतेच. ते भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचे, लसणाचे आणि मसाल्याचे असते. जिभेला तृप्त करणारी जी खोल चव, तिचे मूळ जपानी रसायनतज्ज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली शोधले, तेही समुद्री शैवालाच्या सारात. पिकलेला टोमॅटो आणि सुकवलेली अळिंबी यांतही ती आढळते.

आता आपल्या परसाकडे वळू. प्रायश्चित्तकाळ नेमका कोवळ्या फणसाचा हंगाम. हाताला व सुरीला तेल लावून फणस चिरावा, म्हणजे चीक चिकटत नाही. मोठ्या फोडी मीठ-हळदीच्या पाण्यात निम्म्या शिजवून निथळाव्यात, बाटली मसाला व लिंबू चोळून अर्धा तास ठेवाव्यात, मग तव्यावर सर्व बाजूंनी तांबूस होईपर्यंत परताव्यात. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग फणसाला दोष देतात! त्यानंतरच फोडी कांदा-खोबऱ्याच्या वाटणात सोडाव्यात. दोन तास मुरल्यावर हा रस्सा अधिक खुलतो. फणसात प्रथिने थोडी असतात, हे मात्र ध्यानात ठेवावे.

प्रथिनांसाठी कडवे वाल आहेत. रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणावेत आणि कोमट पाण्यात सोलावेत. हे काम वेळखाऊ आहे. पूर्वी आजी व नातवंडे ते मिळून करीत, आता पाकिटातील सोललेल्या डाळिंब्या आणल्या जातात. त्याही चालतील, पण नातवंडांना एकदा तरी परातीपाशी बसवावे. लसणाच्या फोडणीत डाळिंब्या परतून नारळाच्या पातळ दुधात शिजवाव्यात. कोकम डाळिंब्या मऊ झाल्यावरच घालावे, कारण आधी आंबट पडले तर त्या शिजत नाहीत. घट्ट दूध शेवटी घालावे आणि उकळी येऊ देऊ नये, नाहीतर ते फुटते. सोबत भात असला की डाळ व तांदूळ यांची प्रथिने परस्परांची उणीव भरून काढतात.

एक सूचना : वाल सोलण्यास शुक्रवारी सकाळी बसू नये. बुधवारी रात्री भिजत घालावेत, म्हणजे शुक्रवारी मोड तयार मिळतात.