लांबची वाट, थोडका वेळ

दिल्ली आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रॅन्सिस्को या दोन विमानतळांमधील अंतर किती? पृथ्वीच्या गोलावर ही ठिकाणे दोऱ्याने जोडून दोरा ताणून धरावा. तो सैबेरिया व आर्क्टिक महासागर यांवरून जातो आणि त्याची लांबी सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. गोल पृष्ठावरील सर्वांत जवळचा मार्ग तो हाच.

परंतु विमान नेहमी याच मार्गाने जाते असे नव्हे. डिसेंबर २०१५ मध्ये एअर इंडियाने या दोन शहरांत थेट सेवा सुरू केली, तेव्हा विमाने पश्चिमेकडे, अटलांटिक महासागर ओलांडून जात. तो मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरांचा होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये विमान उलट दिशेने, पॅसिफिक महासागरावरून नेण्यात आले. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाले. प्रवास मात्र सुमारे साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा कमी वेळात, पुरा झाला.

या कोड्याचे उत्तर वाऱ्यात आहे. विमानाचा वेग हवेच्या संदर्भात मोजला जातो, आणि हवा स्वतः स्थिर नसते. ताशी ९०० किलोमीटर वेगाच्या विमानाला ताशी १०० किलोमीटरचा वारा समोरून लागला, तर जमिनीच्या संदर्भात त्याचा वेग ८०० उरतो. तोच वारा पाठीशी असेल, तर १,००० होतो. या हिशेबाने १३,९०० किलोमीटरांस सव्वासतरा तासांहून अधिक, तर १५,३०० किलोमीटरांस सव्वापंधरा तासांच्या आसपास वेळ लागेल.

हे वारे कोठून येतात? उष्ण कटिबंध व ध्रुवप्रदेश यांच्या तपमानांत मोठा फरक असतो. त्यामुळे उंचावरील हवा ध्रुवाकडे ढकलली जाते आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे पूर्वेकडे वळते. सुमारे दहा किलोमीटर उंचीवर तिचे अरुंद, वेगवान पट्टे बनतात; त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात तपमानातील फरक वाढतो, म्हणून हे प्रवाहही प्रबळ होतात. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० नंतरच्या दशकात फुगे सोडून या वाऱ्यांचे मापन केले. जगाला कळावे म्हणून त्यांनी आपला वृत्तान्त १९२६ साली एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत प्रसिद्ध केला. पण त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

वेळेची बचत ही केवळ प्रवाशांची सोय नव्हे. विमान जितका काळ हवेत, तितके इंधन अधिक. इंधनाचे ओझे वाढले की प्रवासी व माल कमी घ्यावा लागतो. म्हणून उड्डाणापूर्वी प्रत्येक वेळी वाऱ्यांचा अंदाज पाहूनच मार्ग आखतात.

२०१६ च्या त्या योजनेत परतीचे विमानही पूर्वेकडेच, अटलांटिकवरून येत असे. जाताना व येताना वारा पाठीशी ठेवून ते पृथ्वीप्रदक्षिणाच पूर्ण करी!