लॅपटॉप सुरू करताच काळ्या स्क्रीनवर वॉर्निंग? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

लिनक्स असलेला लॅपटॉप तुम्ही सुरू करता. लॉगिन स्क्रीन येण्याआधी काळ्या पडद्यावर काही ओळी झळकतात: ‘कॉमन इंटरप्ट: १.५५ नो आयआरक्यू हँडलर फॉर व्हेक्टर’. मग २.५५, ३.५५. पुढे लॅपटॉप मात्र नेहमीसारखा चालतो.

अशा वेळी कोणीतरी सांगतं, “प्रोसेसर गेला वाटतं.” दुसरा म्हणतो, “फॉरमॅट मार.” थांबा. बहुतेक वेळा यातलं काहीच करायची गरज नसते.

इंटरप्ट म्हणजे काय?

तुम्ही कीबोर्डचं बटण दाबता, तेव्हा कीबोर्ड प्रोसेसरला म्हणतो, “हातातलं काम थांबव, माझ्याकडे बघ.” या हाकेला इंटरप्ट म्हणतात. माउस, वायफाय, डिस्क सगळेच अशा हाका मारतात.

प्रोसेसरला एखादी हाउसिंग सोसायटी समजा. इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरमध्ये प्रत्येक कोअरकडे ० ते २५५ असे २५६ फ्लॅट नंबर असतात. त्यांना व्हेक्टर म्हणतात. पहिले ३२ प्रोसेसरच्या स्वतःच्या कामासाठी राखीव असतात. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, हा इथला वॉचमन. कोणत्या फ्लॅटची बेल वाजली की कोणाला उठवायचं, हे त्याला माहीत असतं.

मग १.५५ म्हणजे?

१ नंबरच्या कोअरवर ५५ नंबरच्या फ्लॅटची बेल वाजली, पण तिथे कोणी राहतच नाही. वॉचमनने रजिस्टरमध्ये नोंद केली आणि तो पुढच्या कामाला लागला. एवढंच!

एएमडी रायझनच्या अनेक मशीनवर हा मेसेज दिसतो. कर्नल एकेक कोअर जागा करतो, तेव्हा आधीपासून अडकून राहिलेला एखादा सिग्नल त्या कोअरवर येऊन आदळतो. याचं मूळ बहुधा मदरबोर्डच्या बायॉसमध्ये असतं. म्हणूनच प्रत्येक कोअरमागे एक ओळ दिसते. लॅपटॉप स्लीपमधून उठल्यावरही ती दिसू शकते.

‘क्वाएट’ पर्याय लावूनही ती लपत नाही, कारण कर्नल हा मेसेज ‘इमर्जन्सी’ या सर्वांत वरच्या पातळीवर छापतो. भीती वाटते ती त्यामुळेच.

काळजी कधी करायची?

‘आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड’ असा मेसेज आला, तर प्रकरण वेगळं आहे. (१६ च्या जागी दुसरा आकडाही असू शकतो.) इथे बेल सतत वाजतेय आणि त्या लाइनवरचं प्रत्येक जण म्हणतंय, “माझी नाही.” १,००,००० पैकी ९९,९०० पेक्षा जास्त हाका अशा बेवारस निघाल्या, तर कर्नल ती लाइनच बंद करतो. मग त्याच लाइनवरचं खरं काम करणारं डिव्हाइसही मंदावतं किंवा बंद पडतं.

नेमकं काय तपासायचं?

१. मेसेजचा फोटो काढा. शब्द नीट वाचा: ‘नो हँडलर’ की ‘नोबडी केअर्ड’?

२. तो फक्त सुरू होताना येतो की काम करतानाही वाढत जातो, ते कर्नल लॉगमध्ये बघा.

३. वायफाय, टचपॅड, यूएसबी, आवाज, सगळं चालतंय का तपासा.

४. कर्नल अपडेट करा. बायॉसचं अपडेट फक्त लॅपटॉप किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घ्या आणि ते सुरू असताना चार्जर काढू नका. अर्धवट बायॉस अपडेटने मशीन खरंच बंद पडू शकतं. म्हणजे निरुपद्रवी मेसेज घालवायच्या नादात खरं नुकसान! सगळं नीट चालत असेल, तर यासाठी घाई करू नका.

५. ‘नोबडी केअर्ड’ येत असेल, तर बाहेरून जोडलेली डिव्हाइस एकेक करून काढून बघा. कर्नल स्वतः ‘आयआरक्यूपोल’ हा पर्याय सुचवतो. तो तात्पुरता इलाज आहे, दोषी ड्रायव्हर किंवा हार्डवेअर शोधावंच लागतं.

थोडक्यात, मेसेज सुरुवातीलाच येऊन गेला आणि सगळं सुरळीत असेल, तर तो वॉचमनच्या रजिस्टरमधली एक नोंद आहे. त्यासाठी डेटा उडवू नका आणि रिपेअरिंगवर पैसेही घालवू नका.