मालदांडी आणि अन्नाचा प्रश्न

जगातील भूक हटवावयाची, तर प्रत्येक प्रदेशाने आपल्या जमिनीस व पावसास मानवणारे धान्य जपणे अगत्याचे आहे. याचे उदाहरण दूर शोधावयास नको. मोहोळ येथे १९३० नंतरच्या दशकात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून ‘मालदांडी ३५-१’ हा वाण सिद्ध झाला. पावसाळ्याच्या अखेरीस पेरलेले हे रब्बीचे पीक काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. कणसातून माणसांस भाकरी व कडब्यातून गुरांस वैरण मिळते. उसाने पैसा अधिक येतो खरा, पण त्यास पाणी बारमाही लागते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले. त्यांत ज्वारीही होती. शिक्षकांनी कार्तिकात वर्ग ज्वारीच्या शेतात न्यावा व वीतभर उकरून दाखवावे: वर माती कोरडी, खाली ओलसर.