मोटर तीच, किंमत अडीचपट

दक्षिण जर्मनीतल्या कुठल्याही मोठ्या सायकल दुकानात जा. लांब ट्रॅव्हलच्या इलेक्ट्रिक माउंटन बाइक एका ओळीत उभ्या दिसतील. पहिली साधारण पाच हजार युरोंची, शेवटची बारा-तेरा हजारांची. युरो ढोबळमानाने शंभर रुपयांचा धरला तर पाच लाख आणि बारा लाख. वाकून पेडलजवळचा डबा पाहिला तर पुष्कळदा दोन्हींवर एकच नाव असतं : बॉश परफॉर्मन्स लाइन सीएक्स. तीच मोटर, तोच जोर, वेगाची तीच कायदेशीर मर्यादा. मग वरचे सात लाख रुपये कशाचे? स्टुटगार्ट-म्युनिकच्या आसपास नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना डोंगरात सायकल चालवायची गोडी लागली आहे, त्यांच्यापुढे हा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर सायकलचा एकेक भाग सुटा करून पाहिल्याशिवाय मिळत नाही.

आधी ही सायकल म्हणजे काय ते पाहू. ट्रॅव्हल म्हणजे खड्ड्यावर किंवा दगडावर आपटल्यावर चाक जास्तीत जास्त किती वर सरकू शकतं ते अंतर. साध्या ट्रेल बाइकला ते १२० ते १४० मिलिमीटर असतं. लांब ट्रॅव्हलच्या सायकलला १६० ते १८०. मोटर येण्यापूर्वी एवढं सस्पेन्शन असलेली सायकल उतारावर राजेशाही वाटायची आणि चढावर जीव काढायची. ती वर न्यायला रोपवे लागायचा, नाहीतर जीपगाडी. पेडलला जोर देणारी इलेक्ट्रिक सायकल यामाहाने जपानमध्ये १९९३ सालीच विकायला काढली होती, पण डोंगरातल्या वाटांवर ती खऱ्या अर्थाने आली २०१०नंतर. चढाचा दंड मोटरने भरल्यामुळे जड फोर्क (पुढच्या चाकाचं सस्पेन्शन), जाड टायर आणि मोठं सस्पेन्शन यांची अडचण उरली नाही. इटलीतल्या फिनाले लिगुरेसारख्या ठिकाणी पूर्वी व्हॅनने वर जाऊन दिवसाला चार-पाच उतार व्हायचे. आता तेवढेच उतार स्वतःच्या पायांनी आणि बॅटरीने होतात. २०१९मध्ये कॅनडातल्या माँ-सेंत-ॲन इथे जागतिक सायकल महासंघाने या सायकलींची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा घेतली. दक्षिण आफ्रिकेचा ॲलन हॅदर्ली ती जिंकला.

आता मोटर. युरोपीय कायद्यानुसार मोटरची सातत्याने मिळणारी ताकद २५० वॉट आणि मदत ताशी २५ किलोमीटरपर्यंत, तीही पेडल मारत असतानाच. इथे 'सातत्याने' हा शब्द महत्त्वाचा, कारण क्षणिक ताकद कितीतरी जास्त असू शकते. बॉशची सीएक्स कित्येक वर्षं ६०० वॉटपर्यंत क्षणिक ताकद आणि ८५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देत होती. शिमानोची ईपी-८ आणि यामाहाची पीडब्ल्यू-एक्स३ याही ८५च्याच. मग जुलै २०२४मध्ये ड्रोन बनवणाऱ्या चीनच्या डीजेआयने ॲव्हिनॉक्स नावाची मोटर आणली : वजन जेमतेम अडीच किलो, टॉर्क १०५, बूस्ट दाबला की १२०, क्षणिक ताकद १,००० वॉटपर्यंत. ती बसवलेली ॲमफ्लोची कार्बन सायकल ६,४९९ युरोंपासून जाहीर झाली आणि प्रस्थापितांची झोप उडाली. २०२५मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीच्या नव्या लेव्हो सायकलीत १०१ न्यूटन-मीटर आले. बॉशने तर त्याच वर्षी नव्या पिढीच्या सीएक्सला ॲपमधून अपडेट देऊन १०० न्यूटन-मीटर आणि ७५० वॉट करून दिले. जर्मनीच्या सायकल उद्योगसंघटनेनेच ७५० वॉटची कमाल मर्यादा असावी असं सुचवलं.

या शर्यतीकडे पाहून पैसे खर्च करू नयेत, असं माझं ठाम मत आहे. मुळांनी भरलेल्या, ओल्या, उभ्या चढावर मागचं चाक घसरायला लागतं ते ताकद कमी पडली म्हणून नाही. टायरची पकड संपते म्हणून. तिथे मोटरने जोर किती हळुवारपणे सोडला आणि पेडल थांबताच किती लवकर आवरता घेतला, यावर चढ पार होणं ठरतं. ही सफाई गेल्या पाच-सहा वर्षांतल्या सगळ्याच नामांकित मोटरींत आहे. ८५ न्यूटन-मीटर पुरेसे आहेत. ज्याचं वजन शंभर किलोच्या पुढे आहे किंवा ज्याला गुडघ्याचा त्रास आहे, त्याने वरच्या आकड्यांचा विचार जरूर करावा.

बॅटरीचा हिशोब मात्र प्रत्येकाने एकदा कागदावर करावा, कारण बाकीचे बरेच गैरसमज तिथेच फिटतात. पंचाहत्तर किलोंचा सायकलस्वार, पाच किलोंचं सामान, चोवीस किलोंची सायकल : एकूण १०४ किलो. एवढं वजन हजार मीटर उंच चढवायला लागणारी ऊर्जा सुमारे २८३ वॉट-तास. त्यातला तिसरा हिस्सा पायांचा धरला, मोटरमध्ये वाया जाणारी ऊर्जा आणि खडबडीत वाटेचं घर्षण मिळवलं, तर बॅटरीतून साधारण पावणेतीनशे ते तीनशे वॉट-तास जातात. म्हणजे ७५० वॉट-तासांच्या बॅटरीवर मधल्या मोडमध्ये अडीच हजार मीटरच्या आसपास चढाई होते. पायथ्यापासून सिंहगड चढायला सुमारे सहाशे मीटर लागतात. तसे चार सिंहगड एका चार्जवर. सतत सर्वांत वरचा मोड ठेवला तर दोन हजार मीटर किंवा त्याहूनही कमी.

आता याच हिशोबात सायकल तीन किलोंनी हलकी करा. हजार मीटरला आठेक वॉट-तास वाचतात, बॅटरीचा जेमतेम एक टक्का. ॲल्युमिनियमऐवजी कार्बनची फ्रेम, कार्बनची चाकं, कार्बनचं हँडल घेऊन ते तीन किलो कमी करायला तीन-चार हजार युरो सहज मोजावे लागतात. साध्या सायकलवर हा खर्च पायांना जाणवतो, कारण तिथे प्रत्येक किलो पायच उचलतात. इथे तो मोटर उचलते. हलकेपणाचा फायदा अजिबात नाही असं नाही. कुंपणावरून सायकल उचलून टाकताना, जिन्यावरून तळघरात नेताना, हवेत उडी घेताना तो कळतो. पण किंमत आणि कामगिरी यांची सांगड घालायची असेल तर लांब ट्रॅव्हलच्या ई-बाइकमध्ये कार्बन हा सर्वांत महागडा आणि सर्वांत कमी परतावा देणारा खर्च आहे. चांगली ॲल्युमिनियम फ्रेम दगडाचा मार खाऊनही बरीच वर्षं टिकते.

पन्नास ते साठ न्यूटन-मीटरच्या मोटरींच्या हलक्या ई-बाइकचा एक वर्ग आहे, सतरा ते वीस किलोंचा. ट्रेकची फ्युएल ईएक्सई हे त्याचं ठळक उदाहरण : टीक्यूची मोटर, ३६० वॉट-तासांची बॅटरी. सुंदर सायकली आहेत, पण त्या वेगळ्या कामाच्या. १७० मिलिमीटर ट्रॅव्हल घेऊन दिवसभर चढ-उतार करणाऱ्याने तिकडे वळू नये.

खरा पैसा जिथे घालावा ते ठिकाण म्हणजे सस्पेन्शन, आणि तिथेही नेमकं कुठे हे समजून. लांब ट्रॅव्हलच्या ई-बाइकसाठी फॉक्स ३८ आणि रॉकशॉक्स झेब हे दोन फोर्क २०२०मध्ये आले. दोन्हींच्या नळ्या ३८ मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे जड सायकल वेगात दगडांवर आपटली तरी फोर्क वाकत-पिळत नाही. दोन्हींच्या तीन-चार श्रेणी असतात आणि बाहेरून त्या जवळपास सारख्या दिसतात. फरक असतो आतल्या डॅम्परमध्ये. फोर्क किती वेगाने दबेल आणि किती वेगाने परत उसळेल ते डॅम्पर ठरवतो. स्वस्त डॅम्पर लांब, खडबडीत उतारावर गोंधळतो : लहान खडे हाताला झोंबतात आणि मोठ्या खड्ड्यात फोर्क एकदम खोल बसतो. मधल्या श्रेणीचा डॅम्पर हे दोन्ही सांभाळतो. मधल्यातून सर्वांत वरच्या श्रेणीत गेलं की पुष्कळदा मिळतो तो नळ्यांवरचा सोनेरी काशिमा थर. फॉक्सच्या परफॉर्मन्स एलिट श्रेणीत डॅम्पर सर्वांत वरच्या फॅक्टरी श्रेणीचाच असतो, नळ्या फक्त काळ्या. डोळ्यांना सोनेरी आवडतो हे कबूल, पण उतारावर डोळे वाटेवर हवेत.

मागच्या शॉकलाही हेच लागू. आणि कितीही महाग सस्पेन्शन घेतलं तरी ते आपल्या वजनाला जुळवलं नसेल तर फुकट. सायकलवर बसल्यावर सस्पेन्शन पंचवीस-तीस टक्के खाली बसलं पाहिजे. हवा भरायचा शॉक-पंप आणि अर्धा तास एवढाच याचा खर्च. दुकानातून बाहेर पडलेल्या कितीतरी सायकली हे न करताच डोंगरात जातात आणि मालक सस्पेन्शनला दोष देतो.

ब्रेककडे खरेदीच्या वेळी कुणाचं लक्ष जात नाही, म्हणून तिथे कंपन्या हमखास पैसे वाचवतात. मघाच्याच हिशोबात पाहा : १०४ किलो वजन हजार मीटर खाली आणताना तेवढीच ऊर्जा बाहेर काढावी लागते. त्यातली बहुतेक दोन पातळ डिस्कमधून उष्णता होऊन जाते. एवढ्या उष्णतेत तीन लिटर पाणी उकळेल. त्यामुळे चार पिस्टनचे ब्रेक आणि पुढे-मागे २०० मिलिमीटरच्या वर डिस्क याबाबत तडजोड करू नये. पाच हजार युरोंच्या सायकलवर कमकुवत ब्रेक असतील तर तीन-चारशे युरोंत चांगले बसवता येतात. बारा हजारांची सायकल घेण्यापेक्षा हा शहाणपणा मोठा.

टायरची कथा तीच. जाहिरातीत वजनाचा आकडा कमी दिसावा म्हणून कंपन्या पातळ आवरणाचे टायर लावून देतात. चोवीस किलोंच्या सायकलखाली ते टिकत नाहीत. टोकदार दगडावर हवा गेली की दिवस संपला. जाड आवरणाचे, मऊ रबराचे टायर दोन मिळून दीडशे युरोंच्या आत येतात आणि सायकलच्या वागण्यात जेवढा फरक पाडतात तेवढा दुसरा कोणताही दीडशे युरोंचा भाग पाडत नाही. मॅक्सिसच्या टायरवर डबलडाउन हे नाव पाहावं, श्वाल्बेच्या टायरवर सुपर ग्रॅव्हिटी.

गिअरच्या बाबतीत मात्र उलट आहे. मोटरच्या जोराने चेन आणि कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा संच, भराभर झिजतात. महागड्या कॅसेटमध्ये वजन वाचवायला मोठी चक्रं ॲल्युमिनियमची करतात. ती महाग आणि लवकर झिजणारी. शिमानोची डिओर श्रेणी पोलादी, जड आणि स्वस्त. ई-बाइकला हीच शोभते. झिजणाऱ्या वस्तूवर चढ्या भावाने पैसे घालण्यात अर्थ नाही.

किमतीचा आणखी एक भाग सायकलमध्ये नसतो, बाजारात असतो. कोरोनाकाळात मागणी एवढी वाढली की कंपन्यांनी बेसुमार ऑर्डरी दिल्या. माल गोदामात साचला आणि २०२३पासून सवलतींचा पूर आला. गेल्या वर्षीचं मॉडेल तीस टक्के कमी भावात मिळणं आता नवलाचं नाही. पण त्याच पुरात कंपन्याही बुडू लागल्या. जर्मनीच्या वायटीने जुलै २०२५मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत पाऊल टाकलं. कॅनडाच्या रॉकी माउंटनने २०२४च्या डिसेंबरात न्यायालयाचं संरक्षण मागितलं. म्हणून सवलत पाहताना एक प्रश्न आधी विचारावा : या फ्रेममध्ये बसणारी बॅटरी आणि ही मोटर पाच वर्षांनी कोण देणार? नवी बॅटरी हजार युरोंच्या घरात जाते. बॉश किंवा शिमानोची मोटर असेल तर सायकल कंपनी राहो न राहो, सुटे भाग मिळण्याची शक्यता बरी असते. कंपनीने स्वतःपुरती बनवलेली मोटर असेल तर धोका वाढतो. थेट घरपोच विकणाऱ्या कॅन्यनसारख्या कंपन्या त्याच किमतीत एक श्रेणी वरचे भाग देतात हे खरं आहे. फक्त मोटर बिघडली की जवळचं दुकान ती हातात घेईल का, ते आधी विचारून ठेवावं.

जर्मनीत नोकरी करणाऱ्यांना पगारातून सायकल भाड्याने घेण्याची सोय आहे. करासाठी महिन्याला छापील किमतीच्या फक्त पाव टक्का रक्कम उत्पन्नात धरतात. सोय उत्तम आहे. तिचा दुष्परिणाम एवढाच की महिन्याचा आकडा लहान दिसतो आणि माणूस नकळत एक-दोन श्रेणी वर चढतो. एकूण रक्कम लिहून पाहिल्याशिवाय सही करू नये.

ही सायकल पुढे भारतात न्यावी असा विचार अनेकांच्या मनात येतो. भारतातही २५० वॉटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतच्या सायकलला नोंदणी आणि परवाना लागत नाही. पण प्रवासी विमानात १६० वॉट-तासांहून मोठी लिथियम बॅटरी नेता येत नाही, ना सामानात, ना हातात. म्हणजे सायकल येईल, बॅटरी येणार नाही. पुण्याच्या ईमोटोराडसारख्या कंपन्या भारतात माउंटन बाइकच्या धाटणीच्या इलेक्ट्रिक सायकली बनवतात. त्यातल्या बहुतेकींची मोटर मागच्या चाकात असते आणि किंमत वेगळ्याच पायरीवर. शहर आणि कच्चे रस्ते यांना त्या ठीक; १७० मिलिमीटरच्या सायकलशी त्यांची तुलना करू नये. सह्याद्रीतल्या बहुतेक वाटांना माझ्या मते १४०-१५० मिलिमीटर पुरे आहे.

आल्प्सच्या पायथ्याशी राहून दर शनिवार-रविवार डोंगरात जाणाऱ्याला मी सांगेन ते असं : साडेपाच ते सहा हजार युरोंच्या आसपासची ॲल्युमिनियम फ्रेमची, बॉश किंवा शिमानोच्या मोटरची, मधल्या श्रेणीच्या सस्पेन्शनची सायकल घ्या. टायर पहिल्याच दिवशी बदला, ब्रेक कमी वाटले तर तेही. उरलेल्या पैशांतून दरवर्षी फोर्क आणि शॉकची सर्व्हिस करून घ्या, आणि सही करण्याआधी एकदा डोंगरात चालवून पाहायला मागा. चांगलं दुकान नाही म्हणत नाही.