दुबईत वेगळा, लंडनमध्ये वेगळा, रत्नागिरीत वेगळा : लैंगिक गुन्ह्यांचे कायदे घरच्यांना माहीत हवेत

बलात्काराची एखादी बातमी आली की आपल्या घरांत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "सौदीत असतं तर भर चौकात हिशेब झाला असता." दुसरं वाक्य हळू आवाजात बोललं जातं, "शरियतप्रमाणे निकाह झालाय, मग पोलिसांचा काय संबंध?" दोन्ही वाक्यांत अर्धवट माहिती आहे, आणि अशी माहिती वेळेला घात करते. रत्नागिरी-रायगडपासून मुंबई-पुण्यापर्यंत आज कितीतरी घरांतला एक मुलगा दुबईत असतो, एक भाची लंडनमध्ये, आणि बाकी घर इथे. एकच गोष्ट एका देशात गुन्हा नसते, दुसऱ्या देशात त्याच गोष्टीसाठी वीस वर्षं तुरुंग होतो. हा फरक नेमका कुठे आणि किती आहे, ते पाहू.

कायदा कुणाचा लागू होतो?

साधा नियम असा की गुन्हा ज्या जमिनीवर घडला तिथला कायदा लागतो. तुमचा धर्म कोणता, पासपोर्ट कुठला, हे त्यानंतर येतं. दुबईत राहणाऱ्या भारतीयाला यूएईचा कायदा लागू आहे आणि "आमच्याकडे हे चालतं" हे उत्तर तिथे कुणी ऐकत नाही.

पण एवढ्यावर संपत नाही. भारताचा कायदा भारतीय नागरिकाच्या मागे परदेशातही जातो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या पहिल्याच कलमात हे लिहिलेलं आहे. भारतीय नागरिकाने बाहेर गुन्हा केला तर इथेही खटला चालू शकतो, त्यासाठी केंद्र सरकारची परवानगी लागते. म्हणजे विमानात बसून परत आलो की सुटलो, असं नाही.

खरा गोंधळ वयाचा

आपल्या घरांना सगळ्यात जास्त अडचणीत आणणारा मुद्दा वयाचा आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

भारतात आज संमतीचं वय १८ आहे. हे नेहमी असंच नव्हतं. १८६० च्या दंडसंहितेत ते १० होतं, १८९१ मध्ये मोठ्या वादानंतर १२ झालं, पुढे टप्प्याटप्प्याने १६ वर गेलं आणि २०१२-१३ मध्ये १८ झालं. २०१२ चा पोक्सो कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो, मग मुलगी असो वा मुलगा. बालकाने "हो" म्हटलं होतं, याला कायद्यात किंमत नाही.

मग निकाह झालेला असेल तर? मुस्लिम वैयक्तिक कायद्याच्या पुस्तकांत बालिग होण्याचं वय साधारण १५ धरलं जातं. त्यावरून अनेकांचा समज होतो की १५-१६ व्या वर्षी निकाह केला तर अडचण नाही. पूर्वी फौजदारी कायद्यातही नवऱ्याला सूट होती, पत्नी १५ वर्षांपेक्षा मोठी असली की पुरे. पण ११ ऑक्टोबर २०१७ रोजी सुप्रीम कोर्टाने हे वय १८ केलं आणि नव्या न्याय संहितेतही १८ च लिहिलं आहे. असा निकाह वैध की अवैध, यावर हायकोर्टांत मतभेद झाले आहेत. पंजाब-हरियाणा हायकोर्टाने अशा काही जोडप्यांना संरक्षण दिलं. केरळ हायकोर्टाने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं की वैयक्तिक कायद्याने झालेलं लग्न पोक्सोतून सुटका देत नाही. निकाह टिकतो की नाही हा एक प्रश्न, नवऱ्यावर गुन्हा दाखल होतो की नाही हा दुसरा. घरचे पहिल्याचं उत्तर शोधत बसतात आणि दुसरा प्रश्न हॉस्पिटलमध्ये समोर येतो. १७ वर्षांची गरोदर मुलगी तपासणीला आली की पोलिसांना कळवणं डॉक्टरांवर कायद्याने बंधनकारक आहे. मग वीस-बावीस वर्षांच्या मुलावर पोक्सो लागतो. बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली लग्न ठरवणारे आणि निकाह पढवणारे काझीसाहेबही अडकू शकतात. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

आता हीच १७ वर्षांची मुलगी इंग्लंडमध्ये आहे असं समजा. तिथे संमतीचं वय १६ आहे, त्यामुळे तिच्या संमतीने असलेला संबंध सहसा गुन्हा ठरत नाही. पण तिचा निकाह लावून देणं मात्र गुन्हा आहे! २७ फेब्रुवारी २०२३ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये १८ च्या आत लग्न लावण्यावर बंदी आहे. नोंदणी न केलेला, फक्त घरात पढवलेला निकाहही त्यात येतो. शिक्षा सात वर्षांपर्यंत. मुलीला सुट्टीत भारतात आणून निकाह उरकला तरी तिथे राहणाऱ्या आईवडिलांवर खटला होऊ शकतो. लंडनचं स्थळ पाहणाऱ्यांनी आणि लंडनहून इथे स्थळ पाहायला येणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं.

"अरब देशांत तर चालतं ना?" असं विचारलं जातं. सौदीच्या २०२२ च्या कौटुंबिक कायद्यानुसार १८ खालच्या निकाहाचं प्रकरण कोर्टाकडे न्यावं लागतं, घरातल्या घरात ठरवता येत नाही. बाकीचं जगही वर सरकत आहे. जपानमध्ये संमतीचं वय शंभरावर वर्षं १३ होतं, ते २०२३ मध्ये १६ केलं गेलं.

शिक्षा कुठे किती?

भारतात बलात्काराला कमीत कमी १० वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. पीडित मुलगी १६ वर्षांखालील असेल तर किमान २० वर्षं, १२ खालील असेल तर फाशीपर्यंत शिक्षा. सामूहिक बलात्काराला किमान २० वर्षं. पोक्सोमध्ये वाईट हेतूने केलेल्या स्पर्शालाही ३ ते ५ वर्षं आहेत. कपड्यांवरून स्पर्श केला तर हा गुन्हा होत नाही, असा निकाल मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये दिला होता. सुप्रीम कोर्टाने त्याच वर्षी नोव्हेंबरात तो रद्द केला. हेतू महत्त्वाचा, कापड नाही.

यूएईत २ जानेवारी २०२२ पासून नवा गुन्हे कायदा आहे. त्यात बलात्काराला जन्मठेप आणि पीडित अल्पवयीन असेल तर मृत्युदंडापर्यंत तरतूद आहे. सौदीत बलात्कारासाठी कलमवार लिहिलेली दंडसंहिता नाही, न्यायाधीश शरियतच्या आधारे निकाल देतात, त्यामुळे सारख्याच दोन प्रकरणांत शिक्षा वेगळी होऊ शकते. छेडछाडीसाठी मात्र तिथे २०१८ मध्ये लेखी कायदा आला. दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रियालपर्यंत दंड, गंभीर प्रकारात पाच वर्षं आणि तीन लाख रियालपर्यंत. मेसेज किंवा फोनवरून केलेला त्रासही त्यात येतो. कामासाठी नुकत्याच गेलेल्या पोरांना हे आधीच सांगून ठेवलं पाहिजे.

इंग्लंडमध्ये बलात्काराला कमाल शिक्षा जन्मठेप आहे, फाशी नाहीच. तिथे १९९१ पासून नवऱ्यानेही पत्नीवर जबरदस्ती केली तर तो बलात्कार मानला जातो. भारतात १८ वर्षांवरील, सोबत राहणाऱ्या पत्नीच्या बाबतीत अजून तसं नाही. पण वेगळ्या राहणाऱ्या पत्नीवर जबरदस्ती हा गुन्हा आहे, आणि सोबत राहणारी पत्नीही २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली लैंगिक छळाची दाद मागू शकते.

आणखी एक फरक मुलांच्या आईवडिलांसाठी. १८ खालच्या मुलग्यावर अत्याचार झाला तर भारतात पोक्सो पूर्णपणे लागू होतो. "पोरगं आहे, त्याला काय होतंय" असं म्हणून गप्प बसू नये. प्रौढ पुरुषावर झालेल्या बलात्कारासाठी मात्र नव्या न्याय संहितेत स्वतंत्र कलम उरलेलं नाही.

जिना वेगळा, जबरदस्ती वेगळी

भारतात दोन सज्ञान व्यक्तींचा संमतीचा संबंध गुन्हा नाही, आणि व्यभिचाराचं जुनं कलमही सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये रद्द केलं. धर्माच्या दृष्टीने ते काय आहे हा वेगळा विषय, पोलिसांचा तो विषय नाही. आखातात मात्र लग्नाबाहेरचा संबंध गुन्हा ठरू शकतो. यूएईच्या नव्या कायद्यात अशा प्रकरणाची कारवाई नवऱ्याच्या किंवा पालकाच्या तक्रारीवरून होते. त्याआधी परिस्थिती जास्त कठीण होती. २०१३ मध्ये दुबईत बलात्काराची तक्रार द्यायला गेलेल्या एका नॉर्वेजियन महिलेलाच लग्नाबाहेरच्या संबंधाच्या आरोपात १६ महिन्यांची शिक्षा झाली होती. जगभर टीका झाल्यावर तिला माफी मिळाली.

पाकिस्तानात हा गोंधळ कायद्यातच घातला गेला होता. १९७९ च्या हुदूद अध्यादेशाने बलात्कार आणि जिना एकाच चौकटीत आणले. हद्दची शिक्षा द्यायची तर चार प्रत्यक्षदर्शी पुरुष साक्षीदार हवेत, आणि स्त्रीला जबरदस्ती सिद्ध करता आली नाही तर तिचा गर्भच तिच्याविरुद्ध पुरावा, अशी वेळ अनेकींवर आली. २००६ मध्ये कायदा बदलून बलात्कार पुन्हा साध्या दंडसंहितेत आणला गेला. कुरआनमधली चार साक्षीदारांची अट पाक स्त्रीवर तोहमत लावणाऱ्याला रोखण्यासाठी आहे. जिच्यावर जबरदस्ती झाली ती स्त्री गुन्हेगार नाही, यावर चारही मजहबच्या फकीहांचं एकमत आहे. ज्या आयतीने स्त्रीची अब्रू राखायची, तीच तिच्यावर उलटवली गेली, हे त्या सत्तावीस वर्षांतलं दुःख.

"निकाह लावून मिटवा"

मोहल्ल्यात प्रकरण झालं की कुणीतरी वडीलधारी माणूस हा तोडगा सुचवतोच. काही देशांच्या कायद्यातही तो होता. बलात्कार करणाऱ्याने मुलीशी लग्न केलं की शिक्षा माफ. पण मुस्लिम देशांनीच ही कलमं एकेक करून काढली. इजिप्तने १९९९ मध्ये, मोरोक्कोने २०१४ मध्ये, ट्युनिशिया, जॉर्डन आणि लेबनॉनने २०१७ मध्ये. मोरोक्कोत अशा लग्नात ढकललेल्या एका १६ वर्षांच्या मुलीने जीव दिला, तेव्हा देश जागा झाला.

भारतातही हा मार्ग बंद आहे. कोर्टांनी आरोपी आणि पीडितेला समझोत्याकडे किंवा लग्नाकडे ढकलू नये, असं सुप्रीम कोर्टाने मार्च २०२१ मध्ये बजावलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पोक्सोच्या एका प्रकरणात, दोन घरांनी आपसात मिटवलं म्हणून गुन्हा रद्द होणार नाही, असंही सांगितलं. जमातीच्या बैठकीत कागदावर सह्या झाल्या तरी खटला संपत नाही.

मग कडक शिक्षेने काम होतं का?

फाशीची मागणी करणाऱ्यांचा राग खरा आहे. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं एकच सांगतात : बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. मामा, चाचा, शेजारी, शिकवणारा. शिक्षा जितकी मोठी, तितकं घर जास्त घाबरतं. "आपल्याच माणसाला फाशी होईल" म्हणून पोरीला गप्प केलं जातं, आणि तो माणूस त्याच घरात येत-जात राहतो. कागदावरची शिक्षा तक्रार झाली तरच कामाला येते.

घरच्यांनी एवढं लक्षात ठेवावं

- मुलांसाठी १०९८, तातडीच्या मदतीला ११२. गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो.
- बालकाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, वर्दी न घालता घ्यायचा असतो. रात्री बालकाला पोलीस ठाण्यात थांबवता येत नाही.
- कपडे धुऊ नका, अंघोळ घालू नका, आधी हॉस्पिटल गाठा. सरकारी असो वा खासगी, उपचार मोफत देणं बंधनकारक आहे. 'टू-फिंगर' तपासणीवर सुप्रीम कोर्टाने बंदी घातली आहे, ती कुणी करत असेल तर नकार द्या.
- पीडितेचं नाव, फोटो, शाळा, घर यातलं काहीही व्हॉट्सअॅपवर टाकू नका. "न्यायासाठी" टाकलं तरी तो गुन्हाच आहे.
- शाळा, मदरसा, वसतिगृह चालवणाऱ्यांनी माहिती दडवली तर त्यांनाही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.
- महाराष्ट्रात पीडितांसाठी मनोधैर्य योजना आहे. अर्जासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं, तिथे मोफत वकीलही मिळतो.
- परदेशात असाल तर तक्रार देण्याआधी किंवा देतानाच भारतीय वकिलातीला कळवा आणि तिथल्या वकिलाचा सल्ला घ्या. आखातात हे विशेष गरजेचं आहे.

देश बदलला की कलम बदलतं, वय बदलतं, शिक्षा बदलते. पोरगी किंवा पोरगा येऊन काही सांगू लागला, तर आधी त्याचं पूर्ण ऐकून घ्या, त्याच्यावर विश्वास ठेवा. कोणता कायदा लागतो ते वकील नंतर सांगेल.