घटकाभर खेळ आणि लिनक्स

संगणकावर खेळणारा म्हटला की कानांवर मोठे हेडफोन चढवून रात्रभर जागणारा मुलगा आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. वस्तुतः असे जागरण करणारे थोडेच. संध्याकाळी आपल्या वसतिगृहात एक फेरी मारून पाहा. कुणी जेवणाची घंटा होईपर्यंत पत्ते लावत असतो, कुणी बुद्धिबळाचा डाव मांडलेला असतो, कुणी मोटार पळवीत असतो. अर्ध्या तासाचा विरंगुळा, आणि मग पुन्हा भाषाविज्ञान! प्रस्तुत लेखकही याच पंथाचा. या पंथाचा मूळ ग्रंथ म्हणजे सॉलिटेअर. तो १९९० साली विंडोज ३.० बरोबर आला. आणि तो लिहिणारा त्या वेळी कंपनीत उमेदवारी करणारा एक तरुण होता.

आमच्या घरचा संगणक सेकंडहँड. त्यात विंडोज १० होती, ती दुकानदाराने ‘टाकून’ दिलेली. तिच्यासाठी आम्ही कुणाला एक पैसाही दिला नव्हता, हे लिहिताना आज संकोच वाटतो. पण आपल्यापैकी किती जणांच्या घरी याहून निराळे आहे? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० च्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. आमच्या यंत्रात दोन्ही नाहीत. नवा संगणक घ्यायचा तर धाकट्या बहिणीच्या क्लासची वर्षाची फी मोडावी लागली असती. तेव्हा लिनक्सकडे वळलो ते काही तत्त्वज्ञानाने नव्हे.

लिनक्स हा कार्यप्रणालीचा गाभा. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तो हौसेखातर लिहावयास घेतला. या गाभ्याभोवती इतरांनी लिहिलेले प्रोग्रॅम रचून उबुंटू, फेडोरा, मिंट असे संच तयार होतात. ते उतरवून घेणे, वाटणे, बदलणे, सारे कायदेशीर आणि फुकट.

आता मुख्य प्रश्न. विंडोजसाठी केलेला खेळ लिनक्सवर का चालत नाही? प्रोसेसर तर तोच असतो. बेरीज-वजाबाकीच्या आज्ञा त्याला दोन्हीकडे सारख्याच कळतात. अडते ते दुसऱ्या ठिकाणी. फाइल उघडणे, आवाज काढणे, पडद्यावर चित्र उमटवणे या गोष्टी खेळ स्वतः करीत नाही. तो कार्यप्रणालीकडे अर्ज करतो. बदली होऊन नव्या कचेरीत आलेल्या कारकुनासारखी त्याची अवस्था होते. काम सगळे येते, पण कोणता कागद कोणत्या टेबलावर द्यायचा ते ठाऊक नाही.

इथे ‘वाइन’ मदतीला येते. १९९३ साली सुरू झालेली ही योजना म्हणजे त्या कचेरीतला अनुभवी शिपाई. जुन्या पद्धतीचा अर्ज तो घेतो आणि नव्या टेबलावर बिनचूक पोहोचवतो. सबंध जुनी कचेरी नव्या इमारतीत पुन्हा उभी करण्याची गरज पडत नाही, आणि म्हणूनच वेग फारसा मंदावत नाही.

चित्रांचे प्रकरण मात्र अवघड होते. विंडोजचे खेळ डायरेक्ट३डी नावाच्या बोलीत चित्रे मागतात. ती बोली व्हल्कन या २०१६ साली आलेल्या सर्वत्र चालणाऱ्या बोलीत उलथवणारा ‘डीएक्सव्हीके’ हा प्रोग्रॅम एका खेळवेड्या प्रोग्रॅमरने लिहिला. कारण काय, तर त्याला ‘नियर: ऑटोमाटा’ लिनक्सवर खेळायचा होता! पुढे व्हॉल्व्ह कंपनीने वाइन आणि डीएक्सव्हीके एकत्र बांधून ऑगस्ट २०१८ मध्ये ‘प्रोटॉन’ काढले. याच कंपनीचे २०१५ चे लिनक्सवरील स्टीम मशीन, पुरेसे खेळ नसल्याने, फसले होते. प्रोटॉननंतर २०२२ साली आलेल्या स्टीम डेक या हातातल्या यंत्रावर मात्र विंडोजचे हजारो खेळ लिनक्सवर चालू लागले.

परंतु हे ऐकून कुणी आजच घरचा संगणक पुसू नये. जुन्या यंत्रांच्या चित्रपटलाला व्हल्कन नीट येत नाही. आमच्या यंत्राची तीच गत. वाइनच्या जुन्या, ओपनजीएलच्या वाटेने दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे खेळ चालतात, अलीकडचे नाहीत. आणि ज्यांचा जीव ‘व्हॅलोरंट’मध्ये अडकला आहे त्यांनी या वाटेला जाऊच नये. त्या खेळाचा लबाडी पकडणारा पहारेकरी विंडोजच्या गाभ्यात बसतो. लिनक्सचा गाभा तर मालक स्वतःच बदलू शकतो, मग पहारेकऱ्याने विश्वास कुणावर ठेवायचा? ‘एपेक्स लेजंड्स’ लिनक्सवर चालत असे. २०२४ मध्ये याच कारणाने त्याचे दार बंद झाले. म्हणजे स्पर्धेत उतरणाऱ्याला स्थलांतर कठीण, आणि आपल्यासारख्या अर्ध्या तासाच्या गड्याला सोपे. माझ्या अनेक मित्रांची समजूत नेमकी उलटी आहे.

मिंट आधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते, मूळ संगणकाला धक्का लागत नाही. पेन ड्राइव्हला मात्र लागतो: त्यावरचे सगळे पुसले जाते. हे मला ठाऊक नव्हते. टेबलावर पडलेला पेन ड्राइव्ह मी उचलला, तो वडिलांच्या पतपेढीच्या हिशेबाचा निघाला. वडील काही बोलले नाहीत. दोन संध्याकाळी खतावणी पुढ्यात घेऊन त्यांनी आकडे पुन्हा भरले. मी शेजारी बसून वाचून दाखवले. ते आकडे लिब्रेऑफिसमध्ये भरले गेले, आणि अशा रीतीने आमच्या घरात लिनक्सवरचे पहिले काम खेळाचे झाले नाही.

खेळ त्यानंतर आला. ‘वेसनॉथची लढाई’ हा २००३ पासूनचा षट्कोनी घरांचा युद्धखेळ आणि ‘सुपरटक्सकार्ट’ ही मोटारींची शर्यत, दोन्ही लिनक्सवर मुळातूनच चालतात, वाइन लागत नाही. बहिणीने शर्यतीत मला हरवायला आठवडा घेतला नाही. आईसाठी ‘आइलरायट’ बसवून दिला; त्यात पत्त्यांचे कितीतरी प्रकारचे डाव आहेत. ती एकच खेळते, आणि पत्त्यांची पाठ पूर्वीसारखी का नाही, असे अजून विचारते.